विहीर समुद्रात, दर दिल्लीत आणि पर्वरीत

कच्च्या तेलाच्या एका पिंपात १५९ लिटर असतात. हा आकडा लक्षात ठेवला की इंधनदरावरची निम्मी भाषणं घरबसल्या तपासता येतात. पिंपाचा डॉलरमधला भाव घ्यायचा, त्याला डॉलरच्या रुपयातल्या भावाने गुणायचं आणि १५९ने भागायचं. पिंप ७० डॉलरला आणि डॉलर ८६ रुपयांना असेल, तर कच्चं तेल लिटरमागे ३७ रुपये ८६ पैशांना पडतं. पिंप एका डॉलरने चढलं की लिटरमागे ५४ पैसे वाढतात. पिंप जागच्या जागी राहून डॉलर रुपयाने महागला, तरी ४४ पैसे वाढतात. त्यावर जहाजाचं भाडं, विमा, रिफायनरीचा खर्च आणि नफा चढतो. तेल कंपन्या प्रत्यक्षात तयार पेट्रोल-डिझेलच्या आंतरराष्ट्रीय भावावरून हिशोब मांडतात, पण तो भावही कच्च्या तेलाच्या मागेमागेच चालतो.

या गणितात ‘तेल कुठल्या समुद्रातून निघालं’ याला जागाच नाही. तरीही दर वाढले की गोव्यात हमखास ऐकू येतं: आपल्याच समुद्रात तेल काढा, पेट्रोल आपोआप उतरेल. सभेत टाळ्या मिळतात, टीव्हीवरची चर्चा रंगते आणि पंपावरच्या दराचा जाब ज्यांना विचारायचा ते बाजूला राहतात. समुद्रात खोदायचं की नाही, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. पंपावर लिटरमागे इतके पैसे का मोजायचे, हाही तितकाच महत्त्वाचा आहे. पण हे दोन वेगळे हिशोब आहेत. त्यांची गाठ मारणाऱ्याकडे आधी आकडे मागावेत.

पंपाच्या हिशोबापासून सुरुवात करू. एप्रिल २०२५च्या वाढीनंतर पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे २१ रुपये ९० पैसे झालं. त्यात मूळ शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. बाकीचे १३ रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, ५ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि अडीच रुपये कृषी पायाभूत सुविधा उपकर. ही फोड महत्त्वाची, कारण राज्यांना वाटा मिळतो तो मूळ शुल्कातून. उपकर आणि अधिभार केंद्र स्वतःकडे ठेवतं. म्हणजे २१ रुपये ९० पैशांपैकी राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या थैलीत जातो तो १ रुपया ४० पैसे. डिझेलवर त्याच वेळी एकूण १७ रुपये ८० पैसे होते: मूळ १.८०, विशेष १०, रस्ता उपकर २, कृषी उपकर ४.

आता पर्वरीचा, म्हणजे गोव्याच्या राज्य सरकारचा हात. जून २०२४मध्ये गोव्याने पेट्रोलवरचा व्हॅट २१.५ टक्के आणि डिझेलवरचा १७.५ टक्के केला. त्यावर अर्धा टक्का हरित उपकर. व्हॅट टक्क्यांत असल्यामुळे तो केंद्राच्या शुल्कावरही बसतो, म्हणजे करावर कर. गोल आकड्यांत मांडतो: तेल कंपनीचा दर ५३ रुपये, शुल्क २१.९०, पंपचालकाचं कमिशन साधारण ४.४०, बेरीज ७९.३०. त्यावर व्हॅट आणि हरित उपकर मिळून २२ टक्के, म्हणजे १७ रुपये ४५ पैसे. हातात येणारं पेट्रोल पावणेसत्त्याण्णवच्या घरात. या हिशोबात मूळ दर १० रुपयांनी चढला, तर ग्राहकाला १२ रुपये २० पैसे जास्त मोजावे लागतात. वरचे २ रुपये २० पैसे राज्याच्या तिजोरीत आपोआप येतात, कुणालाही नवा कर लावावा लागत नाही. भाववाढीच्या काळात कुठलंही राज्य सरकार व्हॅटबद्दल गप्प का असतं, हे इथे समजतं. व्हॅट टक्क्यांऐवजी लिटरमागे ठरावीक रुपयांत आकारावा, म्हणजे जगातली भाववाढ राज्याची कमाई होणार नाही, ही मागणी गोव्यात जोरात व्हायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

कर हलवला की दर कसा हलतो, याचा प्रयोग गोव्यात होऊन गेलाय. २०१२ साली मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि २ एप्रिलपासून पेट्रोल लिटरमागे ११ रुपयांनी उतरलं. एका अधिसूचनेने, एका रात्रीत, विहीर न खोदता. त्याच वर्षी खाणी बंद झाल्या, महसूल आटला आणि पुढच्या काळात व्हॅट टप्प्याटप्प्याने परत चढला. दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०२१चा. केंद्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये कमी केले, गोव्याने दोन्हींवर आणखी ७ रुपये सोडले. पेट्रोल १२ आणि डिझेल १७ रुपयांनी स्वस्त झालं.

त्यानंतर दर गोठले. कागदावर पेट्रोल जून २०१०पासून आणि डिझेल ऑक्टोबर २०१४पासून सरकारी नियंत्रणातून मुक्त आहे, आणि १६ जून २०१७पासून दर रोज बदलायची पद्धत आहे. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१च्या सुरुवातीपासून २१ मार्च २०२२पर्यंत दर हलले नाहीत. त्या काळात कच्चं तेल चढत होतं, युक्रेनचं युद्ध पेटलं होतं. गोव्यात १४ फेब्रुवारीला मतदान झालं, १० मार्चला निकाल लागला आणि २२ मार्चपासून सुमारे दोन आठवड्यांत पेट्रोल-डिझेल दहा-दहा रुपयांनी वाढलं. या तारखा एका ओळीत मांडल्या की दर कोण ठरवतं याबद्दल शंका उरत नाही.

आता समुद्राचा हिशोब. देशात निघणारं कच्चं तेल रिफायनरीला आंतरराष्ट्रीय भावाच्या आधारानेच विकलं जातं. ऑक्टोबर २०२२पासून उत्पादक कंपनीला आपलं तेल देशातल्या कुठल्याही कंपनीला विकायची मोकळीक आहे. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मुंबई हायचं पिंप आणि इराकमधल्या बसऱ्याचं पिंप यांचे भाव एकाच बाजाराला बांधलेले. मुंबई हायमधून गेली पन्नास वर्षं तेल निघतंय, म्हणून मुंबईत पेट्रोल कधी स्वस्त झालं? गोव्यापेक्षा ते तिथे महागच असतं, कारण महाराष्ट्राचा व्हॅट जास्त. पत्रादेवीच्या अलीकडच्या पंपांवर सिंधुदुर्गच्या गाड्या टाकी भरायला येतात त्या याच फरकापायी.

घरच्या तेलाचा फायदा होतो, पण तो वेगळ्या खात्यावर. परकीय चलन वाचतं, केंद्राला रॉयल्टी आणि कर मिळतात, संकटात थोडा आधार राहतो. देशाला वर्षाला २३ कोटी टनांहून जास्त पेट्रोलियम पदार्थ लागतात आणि देशात तेल निघतं तीन कोटी टनांच्याही आत. या दरीत एखाद्या नव्या क्षेत्राची भर किती? काकीनाडासमोरच्या खोल पाण्यातल्या ओएनजीसीच्या प्रकल्पाचा विकास आराखडा २०१६ साली मंजूर झाला आणि पहिलं तेल जानेवारी २०२४मध्ये आलं. त्याचं ठरलेलं सर्वोच्च उत्पादन दिवसाला ४५ हजार पिंपं, म्हणजे वर्षाला सुमारे २२ लाख टन. देशाच्या गरजेच्या एक टक्क्याच्या आसपास. रिलायन्सला कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गॅस सापडला २००२ साली, बाहेर आला एप्रिल २००९मध्ये. मुंबई हायला मात्र फेब्रुवारी १९७४मध्ये शोध आणि मे १९७६मध्ये उत्पादन, अवघी सव्वादोन वर्षं लागली. पण तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास आणि साठा प्रचंड. असा योग पुन्हा येईल असं धरून धोरण आखता येत नाही.

गोव्यासमोरचा समुद्र भूगर्भशास्त्रज्ञांच्या नकाशावर केरळ-कोकण खोऱ्यात येतो. वेंगुर्ल्याजवळच्या भूगर्भातल्या उंचवट्यापासून दक्षिणेला कन्याकुमारीपर्यंत हे खोरं पसरलंय आणि त्यातून आजवर व्यावसायिक उत्पादन झालेलं नाही. अडचण खडकाची. उत्तर भागात गाळाच्या जुन्या थरांवर बेसॉल्टची जाड चादर आहे. ध्वनिलहरी तिच्यावर विखुरतात, खालचं चित्र धूसर येतं आणि विहीर अंदाजाने घ्यावी लागते. खोल समुद्रातली एक शोधविहीर शेकडो कोटी रुपये गिळते आणि कोरडीही निघू शकते.

समजा तेल लागलं. गोव्याला काय मिळेल? राज्यघटनेच्या कलम २९७प्रमाणे समुद्रतळाखालचं खनिज केंद्राचं. आसाम, गुजरात, राजस्थान यांच्या जमिनीवर निघणाऱ्या तेलाची रॉयल्टी त्या राज्यांना मिळते, समुद्रातल्या तेलाची केंद्राकडे जाते. ही रॉयल्टी करात मोडत नसल्याने वित्त आयोगाच्या वाटपातही येत नाही. किनारा गोव्याचा, मासेमार गोव्याचे, आणि थेट वाटा शून्य. ‘आपल्या’ तेलाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला कलम २९७बद्दल त्याचं काय म्हणणं आहे, हे विचारायलाच हवं.

एका ठिकाणी मात्र घरच्या उत्पादनाचा ग्राहकाला खरोखर फायदा होतो: गॅस. ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसच्या भावाला एप्रिल २०२३पासून कमाल मर्यादा आहे, दर एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं उष्णतेचं एकक) तेव्हा साडेसहा डॉलर आणि एप्रिल २०२५मध्ये पावणेसात डॉलर. हा स्वस्त गॅस घरगुती पाइप गॅसला आणि सीएनजीला आधी दिला जातो. जुनी क्षेत्रं आटत चालल्याने ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सीएनजीच्या वाट्यात लागोपाठ दोनदा कपात झाली आणि ती जागा महागड्या गॅसने भरावी लागली. गोव्यात सीएनजीवर रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्याचा मुंबई हायशी असलेला संबंध दुचाकीत पेट्रोल भरणाऱ्यापेक्षा जवळचा आहे.

आता मासेमारांचा भाग, ज्याची या वादात सगळ्यात कमी चर्चा होते. नुकसान विहिरीच्या किती तरी आधी, सर्वेक्षणापासून सुरू होतं. सर्वेक्षणाचं जहाज मागे सहा-आठ किलोमीटर लांबीच्या संवेदकांच्या केबल ओढत चार-पाच नॉटच्या (तासाला चार-पाच सागरी मैल) वेगाने रात्रंदिवस चालतं आणि साधारण दर दहा सेकंदांनी दाबलेल्या हवेचा बार पाण्यात सोडतं. त्याला चटकन थांबता येत नाही, वळायलाच तास-दोन तास लागतात. म्हणून सोबत पाठलाग-बोटी असतात आणि त्या समोरच्या होड्यांना बाजूला करतात. हे काम पावसाळ्यात होत नाही. शांत समुद्र लागतो, म्हणजे ऑक्टोबर ते मे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ऑगस्ट-सप्टेंबर अर्धा खवळलेल्या समुद्रात जातो. कमाईचे महिने आणि सर्वेक्षणाचे महिने नेमके एकच.

अशा सर्वेक्षणात तरंगतं जाळं कापलं गेलं तर भरपाई पुराव्यावर अडते. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, त्याच क्षणी प्लॉटरवर (बोटीवरच्या नकाशायंत्रावर) जागा आणि वेळ साठवावी, व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर जहाजाला आणि तटरक्षक दलाला कळवावं, तुटलेल्या टोकांचे फोटो काढावेत. त्याच दिवशी किनारी पोलीस आणि मत्स्योद्योग खातं, दोन्हीकडे लेखी तक्रार द्यावी आणि जाळ्याच्या खरेदीचं बिल जोडावं. बिल नसलं की दावा तिथेच लंगडा पडतो. जाळी बहुतेकदा तुकड्यातुकड्याने घेतली जातात, म्हणून प्रत्येक तुकड्याची पावती जपून ठेवायची सवय हवी. सर्वेक्षणाच्या पट्ट्याचे अक्षांश-रेखांश नाविकांसाठीच्या सूचनेत आधी जाहीर होतात. ते मालीम, कुटबण, शापोरा, खारीवाडा या जेटींवर मराठी-कोकणीत लावले गेले पाहिजेत. ही मागणी साधी आहे आणि तिला कुणाचाच विरोध असू नये.

प्लॅटफॉर्म उभा राहिला की त्याभोवती ५०० मीटरचा सुरक्षा-पट्टा येतो. क्षेत्रफळ काढलं तर ०.७९ चौरस किलोमीटर, कागदावर किरकोळ. पण ट्रॉलर जाळं ओढत असताना ४० मीटर पाण्यात मागे २०० मीटर दोर सोडलेला असतो, त्यापुढे जाळं. वळताना ते बोटीच्या रेषेबाहेर सरकतं, वाऱ्या-प्रवाहाने आणखी. त्यामुळे तांडेल प्लॅटफॉर्मपासून किलोमीटरभर लांबच राहतो आणि पट्टा चौपट होतो. समुद्रतळावरच्या वाहिन्यांचं वेगळंच. जाळं उघडं ठेवणाऱ्या जड फळ्या वाहिनीत अडकल्या तर दोर तुटतो, नाहीतर बोट मागून खेचली जाऊन पाणी आत येतं. अशा वेळी इंजिनचा जोर वाढवू नये. गियर काढून, दोर सैल करून, उलट दिशेने हळू सोडवायचा प्रयत्न करावा, आणि नाहीच सुटला तर जाळं सोडून द्यावं.

गळतीची भीती खोटी नाही. मे-जूनमध्ये कोलवा, बेताळभाटी, कळंगुटच्या वाळूत काळे तेलगोळे दिसतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांची रासायनिक ओळख तपासली तेव्हा तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतल्याचं तेल आणि मुंबई हायचं तेल असे दोन्ही माग लागले. तवंगातला हलका भाग उडून जातो, उरलेलं पाण्यात घुसळून घट्ट होतं आणि पावसाळ्याआधीचे पश्चिमेचे वारे ते किनाऱ्याला लावतात. हे गोळे वाळूत पुरू नयेत, उन्हाने वितळून ते पुन्हा वर येतात. कमीत कमी वाळूसकट उचलून पिशवीत भरावेत आणि पालिका-पंचायतीच्या साध्या कचऱ्यात टाकू नयेत. पायाला लागलं तर खोबरेल चोळून पुसावं. रॉकेल-पेट्रोलने त्वचा जळजळते. जाळ्याला लागलेलं डांबर मात्र सहसा निघत नाही, तेवढा तुकडा कापावाच लागतो.

मोठी गळती झाली तर जबाबदारीची उतरंड ठरलेली आहे: ७०० टनांपर्यंत प्रकल्पचालक किंवा बंदर, त्यापुढे तटरक्षक दलाच्या समन्वयाने. पण ऑक्टोबर २०१९मध्ये नाफ्था भरलेलं ‘नु शी नलिनी’ हे जहाज वाऱ्याने सरकत दोनापावलाच्या खडकांवर येऊन बसलं, तेव्हा ते रिकामं करायलाच आठवडे गेले. त्याआधी ‘रिव्हर प्रिन्सेस’ जून २००० पासून बारा वर्षं कांदोळीसमोर रुतून राहिलं. गळतीचा आराखडा वाचताना म्हणूनच एकच गोष्ट शोधायची: तवंग अडवणारे तरंगते बांध गोव्यात किती मीटर आहेत, कुठे ठेवलेत आणि मांडवी-जुवारीच्या मुखाशी किती तासांत पोहोचतील. साळ आणि शापोरा नद्यांच्या मुखांसाठीही हेच. तेल खाडीतल्या कांदळवनात शिरलं की ते काढायची पद्धतच नाही, धुवायला गेलं तर चिखलात आणखी खोल जातं. तिसऱ्यांची जागा तिथेच.

बेतूलला ओएनजीसीची सुरक्षा-प्रशिक्षण संस्था आहे. प्लॅटफॉर्मवर जाणाऱ्यांना पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसं पडायचं हेसुद्धा तिथे शिकवतात. समुद्रातल्या अपघाताची तयारी करून घेणारी देशातली मोठी सोय आपल्याकडे असताना किनाऱ्यावरच्या मासेमाराला तवंग अडवायचं प्रशिक्षण तिथेच द्या, ही मागणी पुढे रेटण्यासारखी आहे.

एक कायदेशीर बारकावा सहज निसटतो. जानेवारी २०२०च्या केंद्रीय अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधविहिरींना ‘बी-२’ गटात टाकलं. या गटाला पर्यावरण परिणाम अहवाल आणि जनसुनावणी लागत नाही. म्हणजे पहिली विहीर खोदताना गावाला बोलवायचं बंधन नाही, ‘जनसुनावणीत बघू’ म्हणणाऱ्याला ती मिळणारच नाही. हरकत नोंदवायची तर क्षेत्राचा लिलाव जाहीर होतो तेव्हाच, विधानसभेत ठराव मांडून आणि केंद्राला लेखी कळवून.

आणि ज्याच्या डिझेलवर हा सगळा वाद पेटतो, त्याच्या बोटीकडे येऊ. १२० अश्वशक्तीचं इंजिन पाऊण जोरावर तासाला साधारण १८ लिटर डिझेल पितं. ३० सागरी मैल गाठायला ८ नॉटने पावणेचार तास आणि ६७ लिटर लागतात. तेच ७ नॉटने गेलं तर सव्वाचार तास आणि ५२ लिटरच्या आसपास, कारण वेग थोडा उतरला की इंधन त्याच्या कितीतरी पट उतरतं. जाऊन-येऊन तीस लिटर वाचतात. डिझेल ८८ रुपये धरलं तर अडीच हजारांहून जास्त, एका फेरीला. बुडावर शिंपल्यांचा थर चढला असेल तर मात्र ही बचत तिथेच विरघळते, म्हणून बंदीच्या दोन महिन्यांत बूड खरवडून रंगवणं आणि पंख्याची वाकलेली पाती सरळ करणं टाळू नये.

राज्य मच्छीमारांना डिझेलवरच्या व्हॅटमध्ये सवलत देतं. केंद्राचं शुल्क तसंच राहतं. एप्रिल २०२५च्या दरांनी दिवसाला २०० लिटर जाळणारा ट्रॉलर केंद्राला रोज ३,५६० रुपये देतो, त्यातले ४०० रुपये रस्ते व पायाभूत सुविधांच्या उपकराचे. पेट्रोलच्या आउटबोर्डवर होडी चालवणारा रापणकार लिटरमागे ५ रुपये याच उपकरापोटी भरतो. समुद्रात चालणाऱ्या बोटीकडून हा उपकर घेऊ नये, नोंदणीकृत बोटींना तो परत करावा. संसदेत गोव्याचे दोन खासदार लोकसभेत आणि एक राज्यसभेत बसतात, आणि हा निर्णय केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या एका अधिसूचनेत होऊ शकतो.